एकजीव

व्यापारी घराण्यांत 'मिश्रण' हा शब्द फारशा आदराने उच्चारला जात नाही. व्यापाऱ्याला मिसळण्याची ओळख होते ती बहुधा भेसळीच्या रूपाने. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' गणलेला आहे. चांगल्या मालात हलका माल मिसळून तो चांगल्याच्या भावाने देणे, असा त्याचा सरळ अर्थ वडीलधारी मंडळी सांगत आली. पण दोन्ही माल चांगले, दोन्हींची खरेदी पक्क्या बिलाची, मिसळण्यामागचा हेतूही निर्मळ, आणि तरीही हाती आलेली वस्तू खोटी निघाली, तर त्या व्यवहाराला काय म्हणावे? भोरच्या एका कुटुंबापुढे काही पावसाळ्यांपूर्वी हा प्रश्न उभा राहिला.

भोर हे नीरेच्या काठचे, पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजवाडा राहिला आणि बाजारपेठही राहिली. त्या पेठेत या कुटुंबाचे तीन पिढ्यांचे दुकान आहे. छत्र्या, ताडपत्र्या, दोरखंड आणि पादत्राणे असा त्याचा पसारा. पहिल्या पिढीने एक दंडक घालून दिला होता: चामड्याचा व्यवहार करायचा नाही. त्यामुळे दुकानात आधी कॅनव्हास आणि रबर आले, पुढे प्लॅस्टिक आले. आज गादीवर बसणारे अण्णा सत्तरीकडे झुकले आहेत. हिशेबाची वही ते अजूनही स्वतः लिहितात.

दुकानाचे निम्मे गिऱ्हाईक वेल्ह्याकडचे. वेल्हे तालुका आता राजगड तालुका म्हणून ओळखला जातो. पण पेठेच्या तोंडी वेल्हेच आहे. तोरणा आणि राजगडाच्या कुशीतल्या त्या मुलखात पाऊस चार महिने उसंत देत नाही. भातखाचरांचे बांध, ओढ्यांतले गुळगुळीत धोंडे आणि शेवाळ धरलेल्या पायवाटा यांवरून माणसाला रोज ये-जा करावी लागते. पीव्हीसीची चप्पल स्वस्त असते, पाण्याने कुजत नाही. पण ओल्या कातळावर घसरते. रबराची चप्पल कातळ धरते. पण महाग पडते. घसरून हात मोडलेले, कंबर धरलेले गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर टेकले की अण्णा अस्वस्थ होत.

अण्णांच्या चिरंजीवांनी कापूरहोळजवळ पत्र्याची शेड घेऊन चपला ओतण्याचे छोटे युनिट टाकले होते. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा अण्णांच्या सहीने मिळाली होती. पीव्हीसीचे तयार दाणे आणायचे, यंत्रात वितळवायचे, साच्यात भरायचे, थंड करून काढायचे, असे ते काम. वडिलांची अस्वस्थता त्यांनी पाहिली होती आणि त्यांना एक साधा विचार सुचला. पीव्हीसीत नैसर्गिक रबर घातले तर? स्वस्ताई प्लॅस्टिकची, पकड रबराची. केरळातून येणारी, धुरावर वाळवलेली रबराची शीट बाजारात सहज मिळते. दोन तापलेल्या रोलांच्या मिलवर त्यांनी दोन्ही एकत्र मळून घेतले. निळा रंग टाकला. पट्टा गुळगुळीत, एकसारखा निघाला. त्याचे दाणे करून चपला ओतल्या. हाताला मऊ लागल्या. अण्णांनी स्वतः एक जोड पायात घालून दुकानासमोरच्या ओल्या फरशीवर चालून पाहिले आणि मान डोलावली.

मृगाच्या आधी माल वेल्ह्याकडे गेला. मार्गासनी, विंझर, वेल्हे, केळद या रस्त्यावरच्या गावांत ६४० जोड खपले. अण्णांच्या शब्दावर ते खपले, कारण नव्या मालाला पेठेत दुसरी ओळख नसते.

आषाढाच्या अखेरीस केळदकडची एक बाई दुकानात आली. तिने पिशवीतून जोड काढून गादीसमोर ठेवला. अंगठ्याजवळ सोल जिथे चालताना वाकतो तिथे तडा गेला होता, आणि तड्याच्या कडेने थरामागून थर सुटत होता.

"शेठ, ह्ये बगा की. कांद्यावानी पापुद्रं सुटत्यात," ती म्हणाली.

ज्या घराच्या स्वयंपाकात कांदा येत नाही त्या घराला ही उपमा विसरता आली नाही. बाईने भांडण केले नाही. पैसेही मागितले नाहीत. "लावणी चाललीया, अनवानी हिंडतीया," एवढेच ती बोलली. अण्णांनी तिला गोदामातला रबराचा जोड दिला आणि चिरंजीवांना बोलावून घेतले.

चिरंजीवांची पहिली समजूत अशी की मळणी कमी पडली असावी. पुढचा घाणा त्यांनी दुप्पट वेळ मिलवर फिरवला. पापुद्रे थोडे बारीक झाले, पण सुटायचे थांबले नाहीत. तेव्हा सूनबाईंनी तोंड उघडले. त्या रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.; लग्नापूर्वी दोन वर्षे पुण्यात शिकवीत होत्या. त्यांनी रंग न घातलेल्या मिश्रणाचा लहानसा गोळा मागवला, दोन तापल्या पत्र्यांमध्ये दाबून त्याचा कागदासारखा पातळ पापड केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. नुसत्या पीव्हीसीचा पापड पारदर्शक होता. मिश्रणाचा पापड दुधाळ दिसत होता.

"अण्णा, हे मिसळलेलं नाही, नुसतं शेजारी बसलंय," त्या म्हणाल्या. "आत रबराचे ठिपके वेगळे आहेत. प्रत्येक ठिपक्याच्या कडेला उजेड विखुरतो, म्हणून दूध दिसतं. निळ्या रंगानं ते झाकलं होतं."

पारदर्शकता ही शेवटची कसोटी नव्हे, हेही त्यांनी सांगितले. दोन पदार्थ प्रकाशाला सारखेच वाकवीत असतील तर ते वेगळे राहूनही मिश्रण स्वच्छ दिसते. प्रयोगशाळेत म्हणून दुसरी परीक्षा घेतात. रबर किंवा प्लॅस्टिक पुरेसे थंड केले की एका ठराविक तापमानाला ते काचेसारखे कडक होते. नैसर्गिक रबराचे हे तापमान शून्याखाली सुमारे ७० अंश सेल्सिअस आहे. मऊ करणारे तेल न घातलेल्या पीव्हीसीचे शून्याच्या वर सुमारे ८० अंश. मिश्रणात ही दोन्ही तापमाने वेगवेगळी दिसली तर दोघांचे संसार वेगळे चालले आहेत असे समजावे. दोहोंच्या मधे एकच तापमान दिसले तर पदार्थ एकजीव झाला.

अण्णांना प्रश्न पडला तो कोणालाही पडावा असा होता. साखर पाण्यात मिसळते; मग इतकी उष्णता आणि इतका दाब देऊनही हे दोन का मिसळू नयेत?

याचे उत्तर लांबीत आहे. साखरेचे कण सुटे असतात, जत्रेतल्या माणसांसारखे. पाण्यात शिरले की त्यांना वाटेल तिकडे हिंडण्याची मोकळीक मिळते आणि निसर्गाचा कल नेहमी अशा मोकळिकीकडे असतो. रबर आणि प्लॅस्टिक यांचे रेणू म्हणजे हजारो दुव्यांच्या साखळ्या. हजार-हजार माणसे दोरीने एकमेकांना बांधून जत्रेत सोडली तर ती कोठे मिसळणार? मिसळून मिळणारी मोकळीक जवळजवळ शून्य होते. १९४१-४२च्या सुमारास अमेरिकेत पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी स्वतंत्रपणे हा हिशेब मांडला. फ्लोरींना पुढे १९७४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या हिशेबाचे व्यवहारी तात्पर्य एवढेच की लांब साखळ्यांच्या दोन पदार्थांत थोडीशी जरी नावड असली तरी ते वेगळे होतात. एकत्र राहायचे तर परस्परांविषयी काही ओढ असावी लागते.

नैसर्गिक रबरात फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. त्याचा स्वभाव तेलासारखा. पीव्हीसीत क्लोरीन असते. क्लोरीन विजेचा भार आपल्याकडे ओढून धरते, त्यामुळे साखळीच्या एका अंगाला किंचित ऋण आणि दुसऱ्या अंगाला किंचित धन भार येतो. अशा पदार्थाला तेलकट स्वभावाच्या रबरात काहीच आपले वाटत नाही. मिलच्या रोलांनी त्यांना बळाने जवळ आणले होते, एवढेच. चप्पल वाकली की ताण दोहोंच्या सीमेवर येई आणि सीमेवर धरून ठेवणारे काही नसल्याने पापुद्रा सुटे.

यावर उपाय निघालेला आहे आणि तो रबराच्या स्वभावात थोडा बदल करण्याचा आहे. रबराचा चीक झाडातून येतो तेव्हाच त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक आम्ल यांची क्रिया करतात. साखळीत ठराविक अंतराने जे दुहेरी बंध असतात त्यांतील काहींवर ऑक्सिजनचा एकेक अणू चढतो आणि तिथे लहानसे कडे तयार होते. मलेशियाच्या रबर उत्पादकांच्या इंग्लंडमधील संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात ही रीत व्यापारी वापरायोग्य केली. शंभरांपैकी पन्नास दुहेरी बंध बदलले तर त्या रबराला ईएनआर-५० म्हणतात, पंचवीस बदलले तर ईएनआर-२५. हा ऑक्सिजन पीव्हीसीच्या साखळीतील क्लोरीनशेजारच्या हायड्रोजनला ओढून घेतो. ईएनआर-५० आणि पीव्हीसी कोणत्याही प्रमाणात घेतले तरी एकजीव होतात. काचेसारखे कडक होण्याचे तापमान एकच दिसते. ईएनआर-२५ मात्र अर्धवटच मिसळते. साध्या रबराचे तर आपण पाहिलेच.

पण या बदलाला किंमत आहे. दुहेरी बंध जितके बदलावेत तितके रबराचे कडक होण्याचे तापमान वर चढते. ईएनआर-५०मध्ये ते शून्याखाली सुमारे २० ते २५ अंशांवर येते. म्हणजे थंडीत त्याची लवचिकता साध्या रबराइतकी राहत नाही. याच कारणाने ते पायाखालचा धक्का अधिक शोषून घेते आणि ओल्या पृष्ठभागावर चांगली पकड देते. बदल फार केला तर रबराचे रबरपण उरत नाही. फार कमी केला तर सोबत जुळत नाही.

सूनबाईंनी दुसरी वाटही सांगितली. आंब्याचे कलम बांधावे तसे रबराच्या साखळीवर दुसऱ्या प्लॅस्टिकच्या फांद्या चढवता येतात. पीव्हीसीशी पटणारे अ‍ॅक्रिलिक जातीचे प्लॅस्टिक यासाठी वापरतात. असे थोडेसे कलमी रबर साध्या रबराच्या आणि पीव्हीसीच्या मिश्रणात घातले की त्याचे खोड रबरात राहते, फांद्या पीव्हीसीत शिरतात आणि सीमेवर टाके बसतात.

"म्हणजे आडत्या," अण्णा पटकन म्हणाले. "शेतकऱ्याचाही ओळखीचा, व्यापाऱ्याचाही ओळखीचा. त्याच्यावाचून सौदा तुटतो."

तिसरा प्रकार ऐकून अण्णांना नवल वाटले. प्रत्येक वेळी एकजीव व्हावेच लागते असे नाही. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकमध्ये नैसर्गिक रबर मळत असतानाच रबराची व्हल्कनायझेशनची क्रिया घडवून आणतात. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना गंधकाची जी क्रिया सापडली तिच्याच जातीची ही क्रिया. रबर पक्के होत जाते आणि घुसळण चालूच असते; त्यामुळे त्याचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे बारीक कण प्लॅस्टिकभर पसरतात. रबर वेगळे राहते, पण इतके बारीक आणि इतके सर्वत्र की पदार्थ रबरासारखा ताणतो आणि प्लॅस्टिकसारखा पुन्हा वितळवता येतो.

असे हे ज्ञान घरात आले. पण गोदामातला माल तिथेच होता. महिनाअखेर आली आणि बँकेला साठ्याचे पत्रक द्यायची वेळ झाली. वहीप्रमाणे साठा १२ लाखांचा. पंचवीस टक्के मार्जिन वजा जाता उचल करण्याची क्षमता ९ लाख, आणि खात्यावर उचल ८ लाख ५० हजार. वरवर सर्व सुरळीत होते. पण या १२ लाखांत ४ लाखांचा माल त्याच मिश्रणाचा होता.

चिरंजीव म्हणाले, "अण्णा, माल तर गोदामात आहे ना? बिलं खरी आहेत, कर भरलेला आहे. बँकेला खोटं काय सांगतोय आपण? दोन महिन्यांत सांगली-सोलापूरकडं सवलतीनं काढून टाकू. तिकडं असा पाऊस नाही."

त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. कोरड्या मुलखात त्या चपला कदाचित वर्षभर टिकल्याही असत्या. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एका जुन्या खटल्याची आठवण काढली. भोरचे नाव लावणाऱ्या भोर इंडस्ट्रीज या कंपनीचा अबकारी कराचा तो खटला. कंपनी पीव्हीसीची कच्ची फिल्म तयार करून पुढे स्वतःच्याच कारखान्यात लेदरक्लॉथ वगैरे मालासाठी वापरीत असे. त्या कच्च्या फिल्मवर कर लागतो की नाही, हा वाद होता. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वस्तू तयार झाली म्हणून ती 'माल' ठरत नाही. बाजारात ओळखली जाणारी आणि विकली जाऊ शकणारी असेल तरच तो माल.

"कोर्टानं ते करापुरतं सांगितलं," अण्णा म्हणाले. "आपण ते गादीवर बसताना लक्षात ठेवावं. आपल्याला माहीत झालंय की हा सोल सुटतो. माहीत नव्हतं तोवर ती चूक होती. आता सोलापूरला पाठवला तर त्याला काय म्हणायचं, तूच सांग."

चिरंजीवांनी उत्तर दिले नाही. ते उठून शेडवर गेले आणि दोन दिवस बापलेकांचे कामापुरतेच बोलणे झाले. तिसऱ्या दिवशी साठ्याचे पत्रक त्यांनीच लिहिले: साठा ८ लाख, उचल क्षमता ६ लाख. खात्यावर अडीच लाख जास्त उचल दिसत होती. ती भरण्यासाठी अण्णांनी आपली मुदत ठेव मोडली. मोडताना व्याज कमी मिळाले, तेही त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने खर्ची टाकले.

श्रावणात टेम्पो करून दोघे वेल्ह्याच्या रस्त्यावर गेले. ६४० जोडांपैकी ४१२ परत आले. त्यांचे पैसे दिले गेले. उरलेल्यांपैकी काहींनी सोल तारेने शिवून घेतले होते, ते परत द्यायला तयार नव्हते. केळदला ती बाई भेटली. तिने दोघांना चहा दिला आणि नवा जोड चांगला चालतो असे सांगितले. परतताना विंझरजवळ टेम्पो थांबवून चिरंजीवांनी ओल्या धोंड्यावर स्वतः चालून पाहिले. निव्वळ पीव्हीसीच्या सोलने ते घसरले. अण्णा हसले. बऱ्याच दिवसांनी घरातले कोणी असे हसत होते.

पुढील वर्षी पुण्यातल्या एका रबर तंत्रज्ञाच्या मदतीने ईएनआर-५०चा लहान घाणा काढला. पीव्हीसीच्या शंभर भागांना तीस भाग. पहिला घाणा बिघडला. उष्णता वाढली की पीव्हीसीतून आम्लाची वाफ सुटते. ते आम्ल रबरावरची ऑक्सिजनची कडी उघडते आणि सारे कडक होऊन बसते. उष्णता आवरून, आम्ल शोषणारे पदार्थ वाढवून दुसरा घाणा काढला. त्याचा पापड उजेडात स्वच्छ दिसला. सोल हजारो वेळा वाकवणाऱ्या यंत्रावर ठेवला. पापुद्रा सुटला नाही. हे बदललेले रबर साध्या रबराहून महाग असल्याने जोडाची किंमत वाढली आणि खप पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला. वेल्ह्याकडचे लोक मात्र तो घेतात. माघातल्या पहाटे तो जरा ताठर लागतो, अशी तक्रार येते. अण्णा ती ऐकून घेतात आणि घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवतात.

परत आलेले ४१२ जोड आणि गोदामातला माल यांचे काय करावे, हा प्रश्न उरला होता. पुन्हा वितळवून चपला करणे शक्य नव्हते. तोच दोष पुन्हा आला असता. दळून त्याचे जाड पायपुसण्यांचे तळ केले. ते वाकत नाहीत, म्हणून सुटत नाहीत. भाव मिळाला तो मूळ खर्चाच्या चौथाईइतका. बिलावर 'पुनर्वापरित मिश्रण' असे स्पष्ट लिहिले जाते.

एक जोड मात्र अण्णांनी दळायला दिला नाही. तो गादीमागच्या खिळ्याला टांगलेला आहे. नवे कंपाउंड घेऊन विक्रेता आला की चिरंजीव आधी त्याचा बिनरंगाचा पापड मागतात आणि दाराशी जाऊन उजेडात धरतात. रंग नंतर.